फोन हातात होता

डेपोत त्याला सगळे पंचनामा म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या कर्तृत्वाने कमावलं होतं. डब्याचं झाकण जरा सैल दिसलं की हा विचारणार, कुणी उघडलं? सीटवरची उशी दोन बोटं सरकलेली दिसली की काल गाडीवर कोण होतं, किती वेळ होतं, उशीशी त्याचं काय काम होतं, याची चौकशी झाल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. एकदा साहेब हसून म्हणाले, "काय, बरं आहे ना?" तर हा संध्याकाळभर अस्वस्थ.

"हसले का असतील गं?" त्याने बायकोला विचारलं.

"दात आहेत म्हणून," बायको म्हणाली.

एकतीस वर्षं बस चालवून तो निवृत्त झाला. आता हा दिवसभर घरात बसून माझ्याच डब्याबिब्यांचा पंचनामा करणार, या धास्तीने बायकोनेच धावपळ करून त्याला नवी नोकरी शोधून दिली. गावातल्या मोठ्या इस्पितळासमोर चौपदरी रस्ता आहे. पलीकडे औषधांची दुकानं, चष्म्याचं दुकान, झेरॉक्सवाले, वरच्या मजल्यांवर ऑफिसं. मोबाइलमध्ये डोकं घालून चालणारे लोक तिथे वरचेवर गाड्यांखाली यायला लागले, तेव्हा पालिकेने जुने ड्रायव्हर हुडकून रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर उभे केले. अंगात पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात दांडीवरची 'थांबा'ची गोल पाटी. सकाळी आठ ते दुपारी दोन.

संशयी माणसाला याहून चांगली नोकरी मिळणं कठीण. इथे लोकांकडे वाकड्या नजरेने बघायचा पगार होता.

आणि बघण्यासारखं होतंच. साधा माणूस रस्त्यावर पाय टाकण्याआधी मान फिरवतो, निदान डोळे तरी फिरवतो. फोनवाला फिरवत नाही. तो पुढच्याच्या पाठीवर भरवसा टाकून निघतो, आणि पुढचाही फोनमध्येच असला तर दोघांचीही वाट लागलेली असते. मधोमध आला की त्याचा वेग कमी होतो. काही गमतीचं वाचलं की आणखी कमी होतो. मग तो पट्टे सोडून तिरका तिरका जायला लागतो, पलीकडच्या फुटपाथला ठेचकाळतो आणि फुटपाथकडेच रागाने बघतो. काही जण तर भर रस्त्यात उभे राहून उत्तर लिहितात. कानात इअरफोनची बोंडं घातलेल्यांची तऱ्हा निराळी. त्यांचे डोळे उघडे असतात, पण मागून येणारा ट्रक त्यांच्या गाण्यात बसत नाही. एका सुटाबुटातल्या गृहस्थाने पंचनाम्याची शिट्टी ऐकली आणि घाईघाईने स्वतःचा फोन कानाला लावून "हॅलो" म्हटलं.

"एवढं काय असतं हो त्यात?" तो घरी येऊन विचारायचा. "काहीतरी लपवाछपवी असणार. नाहीतर माणूस जिवावर उदार होऊन कशाला वाचेल?"

"मला काय विचारता? मी घरात बसून बघते," बायको फोनवरून नजर न काढता म्हणायची. "आणि माझ्या फोनात काय आहे ते तुम्ही मी अंघोळीला गेल्यावर बघताच की."

फोनवाल्यांवर त्याचा राग होता त्याला कारणही होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या बसखाली एक बाई आली होती. सकाळची वेळ, गाडी भरलेली, आणि पट्ट्यांवर अचानक ही बाई. ती वाचली, पण डावा पाय कायमचा अधू झाला. त्याच्या सगळ्या नोकरीतला तो एकच अपघात. पंधरा दिवसांनी चौकशी झाली. बाई तेव्हा इस्पितळातच होती, तिला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, "फोन हातात होता का तिच्या?" पंचनामा म्हणाला, "होता." अधिकाऱ्याने मान हलवली, लिहून घेतलं, आणि पंचनामा निर्दोष सुटला. रस्त्यावर फोन सापडलाच होता, काचेला तडा गेलेला, वर 'आई' असं नाव उजळलेला. त्या वर्षी डेपोच्या भिंतीभिंतीवर मोबाइलच्या दुष्परिणामांची पोस्टरं लावलेली होती. त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

ही हकिकत त्याने इतक्या जणांना सांगितली होती की बायकोला ती तोंडपाठ होती. तो अडखळला तर ती पुढचं वाक्य पुरवायची.

आता, नव्या नोकरीला दीड महिना झाला असेल. पावणेदहाची गर्दी ओसरत होती. त्याने पाटी आडवी धरली, लोक निघाले आणि सगळ्यांच्या मागून एक चाळिशीची बाई डावा पाय ओढत पट्ट्यांवर आली. डाव्या भुवईला मधोमध छेद देणारी जुनी खूण. पाय ओढणारी माणसं गावात पुष्कळ असतील, पण ती भुवई त्याने रक्ताने भरलेली बघितली होती.

ती त्याच्याजवळून जाताना किंचित हसली आणि म्हणाली, "थँक्यू काका." पलीकडे जाऊन चष्म्याच्या दुकानात शिरली.

थँक्यू का म्हणाली? रोज शंभर लोक जातात, एक जण थँक्यू म्हणत नाही. हिला कळलंय. ओळखलंय हिने आपल्याला. कुठेतरी पाणी मुरतंय, त्याने मनाशी ठरवून टाकलं. एवढी वर्षं गेल्यावर आपल्याच पट्ट्यांसमोरच्या दुकानात ही कशी आली? की आपण यायच्या आधीपासून ही इथेच आहे? त्याने झेरॉक्सवाल्याला आडून आडून विचारलं. झेरॉक्सवाला म्हणाला, ती सहा वर्षं तिथेच आहे, मधे दोन महिने तेवढी रजेवर होती, डोळे तपासते, चष्म्याच्या काचा घासते, हात अगदी बारीक कामाचा आहे. तेवढ्याने पंचनाम्याचं समाधान होतं तर तो पंचनामा कसला?

त्या दिवसापासून तो तिच्यावर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवायला लागला. त्याला एकच गोष्ट बघायची होती, तिचा फोन. ती रस्ता ओलांडताना एकदा, फक्त एकदा, फोन बघताना दिसली असती तरी त्याचं काम झालं असतं. सवय काही एका दिवसात लागत नाही आणि सुटतही नाही. जी आज बघते ती तेव्हाही बघत असणार. एवढं डोळ्यांनी दिसलं की अकरा वर्षांचा हिशेब चुकता झाला, मग निवांत झोप. हो, झोपेचं एक राहिलंच सांगायचं. झोप त्याला त्या अपघातापासून नीट लागत नव्हती, पण ते तो गॅसेसवर ढकलायचा.

बाईने त्याला दाद दिली नाही. ती काठावर थांबायची, उजवीकडे बघायची, डावीकडे बघायची, पुन्हा उजवीकडे बघायची. हात मोकळे. खांद्याला पिशवी, पिशवीची चेन लावलेली. पिशवीतून कधी घंटी वाजली नाही, कधी उजेड दिसला नाही. दुपारी ती दुकानाच्या पायरीवर डबा खायची तेव्हाही समोर फोन नाही. आजच्या काळात डबा खाताना फोन न बघणारी बाई? पंचनाम्याच्या मनात पाल चुकचुकली. नक्कीच मुद्दाम करते आहे. आपल्याला दाखवायला.

त्याने खिशातल्या वहीत तिचं पानच उघडलं. सोमवार, फोन नाही. मंगळवार, फोन नाही, दोनदा वळून बघितलं, का? बुधवार, फोन नाही, केळी घेतली. असं तीन महिने चाललं. वही बायकोच्या हातात पडली तेव्हा ती म्हणाली, "या वयात बायकांच्या केळ्यांच्या नोंदी ठेवता? कोण ही?"

"कामाचं आहे."

"तेच तर विचारते, कसलं काम?"

त्याने सांगितलं नाही. आता बायकोलाही संशय आला, आणि घरात एकाऐवजी दोन पंचनामे झाले.

मग एका गुरुवारी जे व्हायचं ते झालं. दहाला पाच कमी असतील. बाई इस्पितळाच्या बाजूने येऊन काठावर उभी राहिली. पंचनाम्याने अजून पाटी धरली नव्हती, गाड्या सुटलेल्या होत्या. तेवढ्यात बाईने पिशवीची चेन उघडली आणि आत हात घातला. काढ, काढ, तो मनात म्हणत होता. सगळी दुनिया त्याच्यापुरती त्या पिशवीच्या तोंडाएवढी झाली. तिने आतून रुमाल काढला.

आणि त्याच वेळी त्याच्या दुसऱ्या हाताला, त्याच्यापासून दोन पावलांवर, कागदांची फाइल काखेत धरलेला एक इसम फोन बघत बघत रस्त्यात उतरला. पंचनाम्याला तो दिसलाच नाही. दिसली ती बाई. ती लंगडत झेपावली, एका हाताने तिने त्या इसमाची कॉलर मागे ओढली, आणि तो पाठीवर पडला तशी दोन्ही हात वर करून समोरून येणाऱ्या टेम्पोपुढे उभी राहिली. टेम्पोचा ब्रेक करकचला. बाईच्या तळव्यांपासून वीतभर अंतरावर तो थांबला.

फाइलवाला उठला, सगळ्यात आधी फोनची काच फुटली का ते बघितलं आणि मग घाबरला.

बाई धापा टाकत पंचनाम्याकडे वळली. "काका, लक्ष कुठे होतं तुमचं?"

लक्ष कुठे होतं हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. चौकशी अधिकाऱ्यानेही नाही. आणि डोळ्यांसमोरून ते दोन तळवे जाता जात नव्हते. पसरलेली बोटं, मनगटात बारीक कडं. हे त्याने आत्ता बघितलं होतं की आधी कधीतरी?

त्याला पाटी खाली टेकून उभा बघून ती नरमली. "डोळ्यांचं काही आहे का? दिसत नाही का कडेचं? उद्या दुकानात या. तपासून देते. हे काम तुमच्या डोळ्यांवर चाललंय."

घरी येताना रस्ताभर त्याच्या डोक्यात एकच. दुकानात का बोलावलं? दार लावून घेईल. आत कुणीतरी बसलेलं असेल, वकील, नाहीतर भाऊ. बोलतं करतील, गुपचूप रेकॉर्ड करतील. तिच्याकडे फोन नाही असं वाटतं, पण असेल आत. पण गेलं नाही आणि तिने पालिकेत कळवलं की म्हातारा आंधळा झालाय, तर नोकरी गेलीच. इकडे आड तिकडे विहीर अशी गत.

"मोफत तपासून देते म्हणते ना? मग जा," बायको म्हणाली. "केळीवालीच ना ही?"

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तो गेला. दुकान अरुंद होतं, भिंतीभर रिकाम्या फ्रेमा. त्या सगळ्या फ्रेमा आपल्याकडेच बघतायत असं त्याला वाटलं. मागच्या बाजूला काळा पडदा, पडद्याआड अंधारी खोली, एक उंच खुर्ची आणि समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता. वकील नव्हता, भाऊ नव्हता. त्याने पडद्यामागेसुद्धा वाकून बघितलं.

"काय शोधताय?"

"काही नाही. जागा बघत होतो."

तिने त्याच्या नाकावर लोखंडी फ्रेम चढवली, डावा डोळा झाकला आणि उजव्यापुढे एकेक काच बसवायला लागली. बोलणं सुरू होतं, डोळे तपासताना न्हाव्यासारखं बोलायची तिला सवय असावी. "कालचा तो माणूस. माझा अगदी जीव उडाला. मीही एकदा अशीच गेले होते ना बसखाली. फोन बघत."

पंचनामा खुर्चीत ताठ झाला. "तुम्हाला आठवतं?"

"छे. त्या दिवसातलं काही म्हणजे काही आठवत नाही. घरातून निघाले एवढं आठवतं, पुढे एकदम इस्पितळातलं छत. पण ड्रायव्हरने सांगितलं तसं. कागदावर आहे. वरून तिसरी ओळ वाचा."

त्याने वाचली.

"मला वाईट पायाचं नाही वाटत, काका. आईचं वाटतं. त्या वेळी तिचा फोन आला होता मला. डबा विसरलीस म्हणून सांगायला. मी तिचं नाव बघत होते आणि बसखाली आले, असं तिच्या डोक्यात बसलंय. माझ्या हाकेने तुझा पाय गेला, म्हणते. तेव्हापासून तिने फोनला हात लावला नाही. कुणाला करत नाही, कुणाचा घेत नाही. माझ्या हातात दिसला तरी थरथरते, म्हणून मीही ठेवत नाही. दुकानात आहे तेवढ्यावर भागवते. आता खालची ओळ."

खालच्या ओळीतली अक्षरं त्याला पुसट दिसत होती. त्याने ठोकून दिली.

"नाही," ती म्हणाली. "अंदाजाने नका सांगू हो. सगळे तेच करतात. आपल्याला काय वाटतंय ते सांगतात, आणि मग चष्मा चुकीचा बनतो. दिसलं तेवढंच सांगा."

खोलीत अंधार होता. डाव्या डोळ्यापुढे काळी चकती होती. तो खुर्चीचे हात धरून पुढे वाकला. तिने विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?"

"त्या बसचा ड्रायव्हर मी होतो," तो म्हणाला.

काचेची चकती तिच्या हातात तशीच राहिली.

"मी समोर बघत नव्हतो. सकाळपासून गाडीत उगाच घंटी वाजत होती. मधेच एक, मधेच दोन. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. कंडक्टर म्हणाला, मी नाही वाजवत. मला वाटलं, मागच्या बाकापाशी चौकड्याचा शर्ट घातलेला एक जण उभा आहे, तोच घंटीचं बटण दाबतोय. मला चिडवायला. त्याला रंगेहाथ पकडायचा म्हणून मी आतल्या आरशात बघत होतो. पुढे बघितलं तेव्हा तुम्ही काचेसमोर होता. माझ्याकडेच बघत होता. दोन्ही हात वर केलेले होते, काल केले तसे. हातात काही नव्हतं." त्याला दम लागला. "फोन नंतर बघितला, रस्त्यावर. पिशवी फुटली होती, त्यातून कंगवा, रुमाल, सगळं पसरलं होतं, त्यात तोही होता. साहेबांनी विचारलं, फोन हातात होता का. मी हो म्हणालो. एक शब्द. मग इतक्या वेळा सांगितलं की मलाच तसं दिसायला लागलं."

तिने त्याच्या नाकावरची फ्रेम काढून घेतली, पडदा सरकवला आणि उजेडात उभी राहून फ्रेमचा स्क्रू पिळत बसली. तो सैल नव्हता. पंचनामा वाट बघत होता की आता ही ओरडेल, लोक गोळा करेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"नंबर फारसा वाढलेला नाही तुमचा," ती शेवटी म्हणाली. "कडेचंही दिसतंय. रविवारी सकाळी घरी या. जे आत्ता बोललात ते आईला सांगा. माझ्याशी काही बोलू नका, मला तुमच्याकडून काही नको. आईला सांगा."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. जिला प्रत्येक गोष्टीवर उत्तर सुचायचं ती आत जाऊन घासलेले डबे पुन्हा घासत बसली. शनिवारी जेवताना म्हणाली, "शेजारीपाजारी, माझ्या माहेरी, सगळीकडे मी सांगत फिरले. हल्लीच्या बायका अशाच, म्हणून. मलाही गुंतवलंत त्यात तुम्ही." आणि रविवारी त्याचा इस्त्रीचा शर्ट काढून खुर्चीवर ठेवला.

दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा होती. जिना चढताना त्याला वाटलं, पोलीस असतील. दार उघडलं तर एक सत्तरीच्या पुढची बाई खिडकीशी बसून जुन्या स्वेटरची लोकर उसवत होती. मुलगी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवून दारातच भिंतीला टेकून उभी राहिली. म्हातारीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. त्या नजरेची पंचनाम्याला चांगली ओळख होती. आरशात दाढी करताना तो ती रोज बघायचा.

त्याने सांगितलं. खालमानेने, एका दमात सांगितलं.

म्हातारीचे हात थांबले नाहीत. "हिने पढवून आणलंय तुम्हाला."

"नाही हो."

"असे पुष्कळ येऊन गेले. आधी डॉक्टर आणला हिने. मग कोण तो समजूत घालणारा. भाच्याने तर शपथ घेतली की फोन बंदच होता. सगळे माझ्या भल्यासाठी खोटं बोलतात. तुम्ही कोण, दुकानातलं गिऱ्हाईक?"

"मी ड्रायव्हर होतो त्या गाडीवर."

"कशावरून?"

त्याने निवृत्तीचं कार्ड दाखवलं. तिने ते खिडकीच्या उजेडात धरून पुढूनमागून वाचलं.

"कार्ड काय, डेपोत कितीतरी ड्रायव्हर असतात. तिच्या अंगात काय होतं त्या दिवशी?"

"पिवळा कुडता. बाहीला निळी पट्टी. उजव्या हातात बारीक कडं."

लोकर ओढणारी बोटं जरा मंदावली. "पेपरात आलं असेल."

"फोनवर 'आई' असं उजळलं होतं. वाजून बंद झाला, आणि पुन्हा वाजायला लागला. मी बघत उभा होतो, पण मी उचलला नाही."

म्हातारीने मान वर केली. तिने पुन्हा फोन केला होता हे बहुतेक तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण दारातली मुलगीही चमकून बघायला लागली.

"तुम्ही बघत कुठे होतात?" म्हातारीने विचारलं. आता ती पंचनाम्यापेक्षाही बारीक चौकशी करायला लागली.

"आरशात. एका माणसाकडे. मला वाटत होतं तो घंटी वाजवतोय."

"मग? वाजवत होता?"

"नाही." हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. "संध्याकाळी वर्कशॉपमध्ये कळलं. वायर घासली होती. खड्डा आला की घंटी आपोआप वाजायची. त्या माणसाचे दोन्ही हात वरच्या दांडीला होते. आरशात दिसत होते मला. तरी मला वाटत होतं, हाच."

म्हातारीने लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवला. असली गोष्ट कुणी कुणाची समजूत घालायला रचून सांगत नाही, हे तिला कळत होतं. तिचा चेहरा सुटा झाला आणि क्षणभर पंचनाम्याला हायसं वाटलं. आता ती शिव्या देईल, रडेल, किंवा माफ करेल, आणि यातलं काहीही झालं तरी सुटलो.

"तिचे हात रिकामे होते," ती म्हणाली.

"हो."

"मी केला काय, नाही केला काय."

"काही फरक नव्हता पडणार. चूक माझी होती."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असल्यासारखी म्हणाली, "माझी धाकटी बहीण लांब होती. पाठची, एकटीच. दर रविवारी याच वेळेला ती शेजारच्यांकडे फोन करायची. ते बोलवायला यायचे. मी आतून कडी लावून घ्यायची. चार वर्षं करत होती ती. शेवटी आजारी पडली तेव्हा रोज करायला लागली. एकदा आवाज ऐकवा, म्हणत होती. मी गेले नाही. म्हटलं, माझ्या आवाजाने आणखी कुणाचं वाईट नको व्हायला." ती पंचनाम्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत आता संशय नव्हता. "ती काय समजून गेली असेल हो?"

मुलगी दारातून आत आली आणि आईच्या पायाशी खाली बसली. पंचनाम्यापुढचा चहा निवला होता, आणि त्याला जा असंही कुणी म्हणेना.